एकही डाग नको

घोलवडच्या माणसाला झाडावरचा चिकू दिसला की त्याचा उजवा हात त्याचा राहत नाही. बोलता बोलता हात वर जातो, अंगठ्याचं नख फळाच्या सालीवरून हलकेच ओढलं जातं आणि खालचा रंग बघितला जातो. हिरवा दिसला तर फळ कच्चं, पिवळसर दिसला तर काढायला झालं. मग तो शेजारच्या माणसाला 'अजून वेळ आहे' असं सांगतो आणि पुढे चालू लागतो. झाड कुणाचं आणि त्याला विचारलं कुणी, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसलेला डॉक्टर समोरच्याचे डोळे पिवळे आहेत का ते बघतो, त्यातलाच हा प्रकार.

ओरखडलेलं फळ मात्र तिथंच राहतं. ओरखड्यातून पांढरा चीक येतो, तो वाळून काळा पडतो आणि फळ पिकायला लागलं की त्याच जागी आधी नासतं. वाडीवाल्याचे असे टोपलीभर चिकू गेले तरी त्याला पत्ता लागत नाही. निलमकडे सांभाळायला एकच झाड होतं.

ते झाड खोदादाद बागेतलं. खोदादाद नावाचे एक इराणी गृहस्थ फार पूर्वी इकडे आले आणि रेल्वेरुळांच्या पलीकडची जमीन घेऊन त्यांनी बाग केली. दगडी पाट, रहाटाची विहीर, पाखरांसाठी पाण्याचं कुंड आणि मधोमध चिकूचं झाड. पुढच्या पिढ्या आपसांत भांडल्या. वाद कोर्टात गेला, तिथे तो सुखाने नांदला, आणि तेवढ्या काळात बागेत रान माजलं. शेवटी मुंबईच्या एका ट्रस्टने ती घेतली, पाट मोकळे केले, कुंडात पाणी सोडलं आणि फाटकावर फाटकापेक्षा मोठी पाटी लावली : 'खोदादाद वारसा उद्यान, कौशल्य प्रशिक्षण व पुनर्वसन केंद्र'. मनाच्या आजारातून उठलेल्या माणसांना इथे बागकाम शिकवायचं आणि हात बसला की बाहेर नोकरीला लावायचं, अशी योजना. योजना खरंच चांगली होती. पुष्कळ माणसं तिथून उभी राहून बाहेर पडली.

बागेची डागडुजी एका जुन्या फोटोबरहुकूम झाली होती. फोटोत जे आहे ते बागेत हवं, जे नाही ते नको. वास्तुविशारद बाई अधूनमधून मुंबईहून येत आणि फोटो हातात धरून बाग ताडून बघत. फरक दिसला तर चूक बागेची.

निलम मूळची तळासरीकडची. तिचा नवरा वापीला कंपनीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. त्याने तिथे दुसरं घर केल्याचं कळलं, त्या दिवशी निलम बसली ती बसलीच. ओरडली नाही, रडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची, आणि पोरीने हाक मारली तर भिंतीकडे बघत राहायची. भाऊ उमेश तिला मसोलीला आपल्या घरी घेऊन आला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मग बाग झाली आणि हळूहळू ती जागेवर आली. मुलगी शितल मात्र तळासरीला, सासूपाशी. सासूचं नाव पुतळी. तिने उमेशला एकदाच काय ते सांगितलं होतं, की पोरीला आईकडे पाठवीन, पण आई चार माणसांसारखी बाहेर कामाला लागल्यावर. बागेतलं काम ती कामात धरत नव्हती. ते दवाखान्यातलं, असं तिचं म्हणणं.

बाहेरचं काम मिळण्यासारखी जागा एक होती. घोलवडला दौलत चुरींची नर्सरी होती आणि त्याला लागून पॅकिंगची शेड. निवडक चिकूंचे छोटे खोके भरून ते दिल्लीला पाठवत. खोके भरायला त्यांना बाई हवी होती. केंद्रातून याआधी त्यांनी हाल्या नावाच्या गड्याला घेतलं होतं. हाल्या कामाला चोख, पण एकदा दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन त्याने उचलला आणि शेठच्या मालाबद्दल विचारल्यावर आपलं खरं मत सांगितलं. तेव्हापासून शेठ सावध झाले होते. केंद्राचा कारभार बघणाऱ्या मनिषने निलमचं नाव सुचवलं तेव्हा त्यांनी त्याला बजावलं, की मला शांत माणूस पाहिजे. आणि वर अट घातली : बागेच्या वर्धापनदिनाला मी येईन, तेव्हा त्या बाईने बागेतल्या जुन्या झाडाचा एक खोका स्वतः निवडून, स्वतः भरून दाखवावा. एकही डाग नको.

केंद्राकडूनही एक होकार लागत होता. तो दिशाचा. दिशा ही केंद्राची समुपदेशक, दादरची, वयाने लहान, मनाने फार चांगली. माणूस बाहेर जायला तयार झाला की नाही हे ती ठरवायची, आणि तिच्या मते तयारीची खूण म्हणजे शांतपणा. राग आला की थांबायचं, श्वास आत घ्यायचा, हळूहळू सोडायचा. निलमला ती म्हणाली होती की वर्धापनदिनापर्यंत अशाच राहिलात तर मी स्वतः दौलतकाकांशी बोलेन.

म्हणजे निलमला दोन गोष्टी करायच्या होत्या. चिकू सांभाळायचे आणि रागवायचं नाही. आमच्या भागात या दोन्ही एकाच वेळी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

सुरुवात विश्वस्तांपासून झाली. बागेत शिरल्याशिरल्या ते जुन्या झाडापाशी गेले, खोदादादशेठच्या दूरदृष्टीबद्दल बोलले आणि बोलता बोलता हाताशी आलेल्या सगळ्या फळांवर नख ओढून गेले. निलमने श्वास घेतला. मग पंचायतीचे सदस्य आले. मग बोर्डीहून एक भजनी मंडळ आलं. त्यांनी टाळ खाली ठेवून दोन्ही हातांनी फळं बघितली. मग शाळेची सहल आली. मुलांनी एकाही फळाला हात लावला नाही. गुरुजींनी मात्र प्रात्यक्षिक म्हणून बरीच ओरखडून दाखवली, आणि मागच्या रांगेला दिसलं नाही म्हणून आणखी काही.

निलमने मनिषला जाऊन सांगितलं. मनिष म्हणाला, पाहुणे आहेत, तोडून बोलता येत नाही, आपण पाटी लावू. 'कृपया फळांना हात लावू नये' अशी पाटी आली. ती वाऱ्याने पडू नये म्हणून खाली सिमेंटचा चौथरा केला. लोक चौथऱ्यावर उभे राहून पाटी वाचायचे, आणि तिथे उभं राहिल्यावर वरच्या फांदीपर्यंत हात जातो हे त्यांच्या लक्षात यायचं. पूर्वी जी फळं वाचत होती तीही आता बघितली जाऊ लागली. उंबरगावकडची मंडळी येतात म्हणून मजकूर गुजरातीतही लिहायचं ठरलं. पाटी लांबली, त्यामुळे चौथराही रुंद झाला. आता त्यावर दोघे उभे राहू शकत होते.

मग निलमने स्वतःच जुन्या साडीच्या लहान लहान पिशव्या शिवल्या आणि एकेका फळाला बांधल्या. त्याने झाड लग्नघरासारखं दिसू लागलं आणि बघायला दुप्पट लोक आले. पिशवीत काय आहे ही उत्सुकता स्वाभाविक होती. सोडून बघितलं की आत चिकू निघायचा, आणि चिकू निघाला की पुढचं व्हायचंच. त्यातूनही काही वाचले असते, पण वास्तुविशारद बाई आल्या. फोटोत पिशव्या नव्हत्या. पिशव्या काढल्या. निलमने झाडाभोवती दोरी बांधली होती, तीही फोटोत नव्हती. दोरी सुटली. पाटी तरी फोटोत कुठे आहे, असं निलमने मनिषच्या कानावर घातलं. मनिष म्हणाला, पाटीला मंजुरी आहे.

दिशाबरोबरच्या बैठकीत निलमने हे सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. दिशाने कौतुक केलं, की इतकं होऊनही तुम्ही किती छान हाताळलंत.

"मॅडम, माझा श्वास सुधारला," निलम म्हणाली. "चिकूचं काय करायचं ते सांगा."

दिशाने सांगितलं की जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यायला शिकायचं. निलम म्हणाली, माझ्या हातात नाहीच, सगळं त्यांच्याच हातात आहे. दिशाला हे उत्तर आवडलं. तिला त्यात स्वीकार दिसला.

त्यानंतर डॉक्टर आले, निलमला बरं करणारेच. डहाणूचे, स्वतःची छोटी वाडी असलेले. झाडाखाली उभं राहून त्यांनी विचारलं, झोप लागते का. निलम त्यांच्या अंगठ्याकडे बघत लागते म्हणाली. भूक लागते का. लागते. मनात सारखे तेच तेच विचार येतात का. निलमच्या मनात त्या क्षणी एकच विचार होता आणि तो सारखा येत होता, पण ती नाही म्हणाली. डॉक्टर खूश झाले. गोळी निम्मी केली. त्यांनी तपासलेली फळं नंतर निलमने मोजली नाहीत.

सगळ्यात शेवटी दिशा. इतके दिवस एकटी तीच निर्धोक होती; दादरला चिकू गाडीवर मिळतो, त्यावर कुणी नख ओढत नाही. पण माणसांत मिसळायचं तर त्यांच्या पद्धती शिकायला हव्यात, असं तिला मनापासून वाटायचं. मनिषकडून ती शिकली. एका सकाळी तिने निलमला लांबून हाक मारून बोलावलं, खालच्या फांदीवरच्या एका देखण्या फळावर नख ओढलं आणि आनंदाने सांगितलं की मलाही येतं आता. निलमने इतका लांब श्वास घेतला की दिशाने दुपारच्या गटात सगळ्यांना तो करून दाखवायला सांगितला.

शेंड्याकडची एक फांदी तेवढी राहिली होती. तिथे चौथऱ्यावरूनही हात पोचत नव्हता. वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी निलमने झेला घेतला, म्हणजे लांब काठीला जाळी बांधलेला असतो तो, आणि एकेक फळ जाळीत घेऊन उतरवलं. धुतलं, सावलीत वाळवलं, मऊ फडक्याने पुसलं. खोका भरला. वर एकही जागा मोकळी नाही आणि खाली एकही फळ दाबलेलं नाही, असा. तो तिने अवजारांच्या खोलीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवली. विहिरीवर पाणी प्यायला जातानाही ती मागे वळून दाराकडे बघत होती.

वर्धापनदिनाला मांडव घातला होता. प्रशिक्षणार्थींच्या घरच्यांना बोलावणं होतं. पुतळी शितलला घेऊन सकाळीच तळासरीहून आली आणि शेवटच्या रांगेत बसली. निलम लांबून हसली. शितल लाजून आजीच्या पदराआड गेली. पुतळी हसली वगैरे नाही; ती बघायला आली होती आणि बघत होती.

प्रमुख पाहुण्यांना उशीर होणार होता, म्हणून मनिषने चिकूचा कार्यक्रम आधी उरकायचं ठरवलं. टेबलावर माईक होता, माईकशेजारी खोका ठेवला. दौलत चुरी पुढे आले. पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एकेक चिकू उचलून सगळ्या बाजूंनी बघितला. वास घेतला. खालचा थर वर काढून बघितला. डाग नव्हता. ते मनिषकडे वळून म्हणाले की असा खोका माझ्या शेडमध्येसुद्धा भरला जात नाही. दिशाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या रांगेत पुतळीने मान थोडी उंच केली. काम झालं होतं.

तेवढ्यात वाडीवाल्यांपैकी कुणीतरी शेठना विचारलं की वाढवणच्या बंदराचं काय ऐकताय. हा प्रश्न आमच्याकडे विचारला की उत्तर लांबतं. शेठ खोक्याशी उभे राहूनच बोलू लागले. मासेमारीचं काय होईल, रस्ता कुठून जाईल, कुणाची वाडी जाईल. बोलता बोलता उजव्या हाताने खोक्यातला एक चिकू उचलला आणि अंगठ्याचं नख त्यावरून ओढलं. रंग बघितला. ठेवला. दुसरा उचलला. बंदराला आपला विरोध का आहे हे सांगत त्यावर नख ओढलं.

तिसरा त्यांच्या हातात होता तेव्हा निलमने त्यांचं मनगट धरलं.

"शेठ, हात काढा."

शेठ गोंधळले. आपला हात कुठे आहे हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अगं, बघतोय फक्त. काढायला झालाय का ते."

"काढलेला आहे तो. खोक्यात आहे."

माईक चालू होता. मांडवभर ऐकू गेलं. मनिष धावत येत होता. तो टेबलापाशी पोचेपर्यंत निलमचं पुढचंही बोलून झालं होतं.

"एकही डाग नको म्हणालात. आख्ख्या गावानं झाड खरवडलं, मी काय बोलले नाय. एवढे वाचवून आणले तर तुम्ही खोक्यात डाग पाडता? दोन पाडलेत. तिसऱ्याला नख लावून दाखवा."

आवाज चढला नव्हता. पण मनगट सुटलंही नव्हतं. शेठनी चिकू खाली ठेवला, तेव्हा तिने हात सोडला. शेठ मनगट चोळत मनिषला म्हणाले, मी शांत माणूस मागितला होता. आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मनिष माईकवरूनच सगळ्यांची माफी मागू लागला, आणि ज्या चिकूंवरून एवढं झालं ते आहेत तरी कसे, म्हणून पुढच्या दोन रांगा उठून टेबलाशी आल्या. त्यांनी नीट बघितलं. प्रमुख पाहुणे पोचले तोवर खोक्यात ओरखडा नसलेलं फळ राहिलं नव्हतं. पाहुण्यांना तोच खोका भेट म्हणून दिला. त्यांनी वरचा चिकू उचलला, नख लावलं आणि चांगला आहे म्हणाले.

दिशा निलमला कुंडाजवळच्या बाकावर घेऊन गेली. तिलाही वाईट वाटत होतं. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, ती म्हणाली, पण बाहेरच्या जगात असं चालत नाही, आणि मी आज तुम्हाला तयार म्हटलं तर उद्या दुसऱ्या कुणालाच ते घेणार नाहीत. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा बघू.

"मॅडम, राग आला म्हणून?"

दिशाने मान डोलावली.

"मग कशाचा यायला पाहिजे होता, तेवढं सांगा," निलम म्हणाली. "पुढच्या वेळी त्याचाच आणीन."

दिशा उठून मांडवाकडे गेली, जाताना निलमच्या खांद्यावर हात ठेवून. निलम कुंडातल्या पाण्याकडे बघत बसली. नोकरी गेली होती आणि नोकरीबरोबर जे येणार होतं तेही. रडू येईल असं तिला वाटलं, पण येत होता तो रागच. चांगला भरघोस, बाजूला सारला तरी परत येणारा.

पुतळी तिच्या समोर येऊन उभी राहिली. एका हातात शितलचा हात, दुसऱ्या हातात कापडाची पिशवी. बसली नाही.

"त्याचा हात धरलास तो दुखला असेल त्याला," पुतळी म्हणाली.

"दुखू दे."

"माझा पण असाच धरलेलास. लग्न होऊन आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. कालवणात मीठ घालत होते मी."

"जास्त घालत होतात."

"जास्तच घालत होते," पुतळी म्हणाली. "तू गप बसलीस ना, तेव्हा मी मुद्दाम एकदा मूठभर घातलं. तू खाल्लंस. तेव्हा मी घाबरले. ही शांत शांत म्हणून तुझं काय कौतुक लावलंय इथं, मला समजत नाय. शांत तर तू आजारात होतीस."

निलमने मान वर केली. पुतळीने पिशवी बाकावर ठेवली. तिच्यात शितलचे कपडे होते. ती सकाळी घरून निघतानाच भरून आणली होती, मग अट कशाला होती, हे विचारायचं निलमला सुचलं नाही.

नोकरीचं नाही झालं, असं निलमने आपण होऊन सांगितलं. तुमची अट होती. पुतळी म्हणाली, अट माझी होती, मीच बघते तिचं काय करायचं ते. आणि पोरगी आता ऐकत नाय. अभ्यासाला बस म्हटलं की झाडावर चढते, उतर म्हटलं की गाणं म्हणते. तिला दमात घेणारं कुणीतरी पाहिजे, माझ्याच्यानं होत नाय. एवढं बोलून तिने शितलचा हात निलमच्या हातात दिला, गाडी चुकेल म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली. मांडवात भाषण चालू होतं. वारसा कसा जपावा यावर.

निलम जरा वेळाने उठली. एका हातात पिशवी, एका हातात शितल. फाटकाबाहेर मसोलीची रिक्षा मिळायची तिथवर दोघी चालत निघाल्या. दौलत चुरींची गाडी धूळ उडवत शेजारून गेली. निलमने तिच्याकडे असं बघितलं की शितलने आईचा हात सोडून पुन्हा धरला.

"आई, तू रागावलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"अजून नाय," निलम म्हणाली. "चप्पल नीट घाल."